कस्तुरबा गांधी : सुट्टीच्या यादीत नसलेला दिवस

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून निघून थेट इंडिया गेटच्या वर्तुळापर्यंत जाणारा रस्ता म्हणजे कस्तुरबा गांधी मार्ग. ब्रिटिश काळात व्हॉइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या नावाने तो ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर त्याला कस्तुरबांचे नाव देण्यात आले. सरकारी आणि खासगी कार्यालये, परदेशी सांस्कृतिक केंद्रे आणि २०१३ मध्ये सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. कस्तुरबांचे धाकटे चिरंजीव देवदास गांधी यांनी अनेक वर्षे ज्या दैनिकाचे संपादकपद सांभाळले, त्या 'हिंदुस्तान टाइम्स'ची इमारतही येथेच आहे.

वर्षातून तीन दिवस या मार्गावरील सर्व सरकारी कार्यालये हमखास बंद असतात. २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिनाच्या संचलनामुळे इंडिया गेटचा परिसर बंदोबस्तात असतो, १५ ऑगस्टला स्वातंत्र्य दिन असतो आणि २ ऑक्टोबरला महात्मा गांधी जयंती असते. मात्र ज्यांचे नाव या मार्गाला आहे, त्या कस्तुरबांच्या जयंतीला, म्हणजे ११ एप्रिलला, कार्यालये नेहमीप्रमाणे उघडी असतात. हा दिवस राष्ट्रीय सुट्टीचा नाही, पण तो राष्ट्रीय दिवस मात्र आहे. २००३ पासून केंद्र सरकारने ११ एप्रिल हा राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन म्हणून घोषित केला आहे. सुट्टी नसलेला हा दिवस कस्तुरबांच्या वाट्याला का आला आणि तो त्यांच्या जीवनाशी किती सुसंगत आहे, हे त्यांच्या चरित्राकडे पाहिल्यावर ध्यानात येते.

सुट्टी कशी ठरते?

देशातील सार्वजनिक सुट्ट्यांची व्यवस्था एका जुन्या कायद्याशी जोडलेली आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ हा कायदा मुळात हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांच्यासंबंधी आहे. देणे चुकते करण्याचा दिवस सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी आला तर काय करावे, हे सांगताना त्यातील २५ व्या कलमाने सार्वजनिक सुट्टीचा अर्थ स्पष्ट केला आहे. रविवार आणि सरकारने राजपत्रात अधिसूचनेद्वारे जाहीर केलेला कोणताही दिवस ही सार्वजनिक सुट्टी होय. केंद्राने हे अधिकार राज्यांकडेही सोपवले आहेत. त्यामुळे महाराष्ट्रात शिवजयंती, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती आणि महाराष्ट्र दिन या सुट्ट्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने जाहीर होतात.

केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी कार्मिक विभाग दरवर्षी परिपत्रक काढतो. त्यानुसार १४ सुट्ट्या देशभर सक्तीच्या असतात. तीन राष्ट्रीय सुट्ट्या आणि ईद, बुद्ध पौर्णिमा, नाताळ, दसरा, दिवाळी, गुरू नानक जयंती यांसारखे सण त्यांत येतात. होळी, रामनवमी, गणेश चतुर्थी, महाशिवरात्र, ओणम, पोंगल अशा १२ प्रसंगांच्या दुसऱ्या यादीतून स्थानिक महत्त्व पाहून आणखी तीन दिवस निवडले जातात. याशिवाय प्रत्येक कर्मचाऱ्याला एका वेगळ्या यादीतून स्वतःच्या इच्छेने दोन दिवस घेता येतात. एखादा सण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आला, तर त्याच्या बदल्यात दुसरी सुट्टी मिळत नाही.

'दिन' घोषित करण्याची पद्धत याहून निराळी आहे. एखाद्या विषयाशी संबंधित मंत्रालय त्या विषयाचा दिवस ठरवते. त्या दिवशी कामकाज थांबत नाही. उलट त्या विषयाचे काम अधिक नेटाने व्हावे, अशी अपेक्षा असते. ३० जानेवारीचा हुतात्मा दिन असाच आहे. त्या दिवशी सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे मौन पाळले जाते आणि मग कामकाज पुढे सुरू होते. राष्ट्रपुरुषांच्या जयंतीला शासकीय कार्यालयांत प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो, तोही याच परंपरेचा भाग आहे. कस्तुरबांचा ११ एप्रिल या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

पोरबंदर ते दरबान

कस्तुरबांचा जन्म गुजरातमधील पोरबंदर येथे ११ एप्रिल १८६९ रोजी झाला, असे सामान्यतः मानले जाते. वडील गोकुळदास कापडिया हे सधन व्यापारी होते. गांधी आणि कापडिया या घराण्यांचा जुना स्नेह होता. त्या काळच्या रूढीप्रमाणे कस्तुर आणि मोहनदास यांचा विवाह वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी झाला. कस्तुर यांना त्या वेळी अक्षरओळख नव्हती. पतीने त्यांना शिकवण्याचे प्रयत्न केले, परंतु एकत्र कुटुंबातील घरकाम आणि वडीलधाऱ्यांसमोर पती-पत्नींनी बोलूही नये असा संकोच यांमुळे ते सफल झाले नाहीत.

१८८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांना पहिले अपत्य झाले. ते अवघे काही दिवस जगले. त्याच सुमारास सासरे करमचंद गांधी यांचेही निधन झाले. पुढे आयुष्यभर गांधीजींनी या प्रसंगाची बोच बाळगली आणि बालविवाहाचा कठोर शब्दांत निषेध केला. अल्पवयीन मातृत्वाचा हा अनुभव त्या काळी घरोघरी येत असे. म्हणूनच त्याची कोठे दखल घेतली जात नसे.

१८८८ मध्ये ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांचा जन्म झाला आणि त्याच वर्षी मोहनदास बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. १८९२ मध्ये दुसरे पुत्र मणिलाल जन्मले. १८९३ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेला गेले. पतीच्या अनुपस्थितीची ही सारी वर्षे कस्तुरबांनी सासरी मुले सांभाळत काढली. १८९६ च्या अखेरीस त्या दोन्ही मुलांसह पतीबरोबर दरबानला निघाल्या. जानेवारी १८९७ मध्ये बंदरावर उतरल्यावर गोऱ्या जमावाने गांधीजींवर हल्ला केला. परक्या देशात कस्तुरबांच्या संसाराची सुरुवात अशी झाली.

रामदास आणि देवदास या धाकट्या दोन मुलांचा जन्म दक्षिण आफ्रिकेत झाला. १९०० मध्ये देवदास यांच्या जन्माच्या वेळी अचानक वेणा सुरू झाल्या. डॉक्टर तत्काळ मिळू शकले नाहीत, सुईणीलाही वेळेवर आणता आले नाही. बाळंतपणावरील पुस्तक आधीच वाचून ठेवलेले असल्याने गांधीजींनीच त्या प्रसूतीच्या वेळी सर्व मदत केली. सुदैवाने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिले. पुढे १९०८ च्या सुमारास वारंवार होणाऱ्या रक्तस्रावामुळे कस्तुरबांवर दरबानमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. प्रकृती इतकी क्षीण होती की भूल न देताच ती शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सुचवलेला गोमांसाचा अर्क घेण्यास त्यांनी ठाम नकार दिला आणि अशक्त अवस्थेतच त्या फिनिक्स आश्रमात परतल्या. मातृत्वाची जोखीम त्यांनी अशी स्वतःच्या देहावर सोसली होती.

विवाहाच्या मान्यतेसाठी कारावास

१४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निर्णय दिला. ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि नोंदणी नसलेले विवाह दक्षिण आफ्रिकेत कायदेशीर नाहीत, असा त्याचा आशय होता. एका निकालाने हजारो हिंदी स्त्रियांचे पत्नीपद आणि त्यांच्या मुलांचे वारसाहक्क धोक्यात आले. हिंदू, मुसलमान, पारशी अशा सर्वच कुटुंबांवर हा आघात होता.

गांधीजींनी तोवर स्त्रियांना सत्याग्रहात ओढले नव्हते. या निकालानंतर कस्तुरबांनी स्वतः तुरुंगात जाण्याची तयारी दर्शवली. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून १६ जणांची पहिली तुकडी निघाली. तिच्यात चार स्त्रिया होत्या आणि त्यांत कस्तुरबा होत्या. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडल्याबद्दल फोक्सरस्ट येथे त्यांना अटक झाली आणि २३ सप्टेंबर रोजी तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावण्यात आली. पीटरमारित्झबर्गच्या तुरुंगातून सुटताना त्यांची प्रकृती पार खालावली होती. या लढ्यात खाणकामगार आणि ऊसमळ्यांतील मजूर मोठ्या संख्येने उतरले. अखेर १९१४ च्या कायद्याने हिंदी विवाहांना मान्यता मिळाली आणि गिरमिटमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द झाला.

राज्यसत्तेने आपल्या दप्तरात एखाद्या गोष्टीची नोंद केली किंवा नाकारली, तर सामान्य माणसाच्या आयुष्यात किती उलथापालथ होते, हे कस्तुरबांनी त्या वर्षी अनुभवले होते.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी आणि कस्तुरबा 'अरेबिया' या बोटीने मुंबई बंदरात उतरले. गांधीजींच्या या परतीची आठवण म्हणून २००३ पासून ९ जानेवारी हा प्रवासी भारतीय दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी त्याच बोटीतून कस्तुरबाही उतरल्या होत्या. त्यांच्याही गाठीला दक्षिण आफ्रिकेतील सतरा-अठरा वर्षांचा संसार आणि एक कारावास होता.

आश्रम, चंपारण आणि वर्धा

भारतात परतल्यावर कस्तुरबांचे घर म्हणजे आश्रम झाले. साबरमतीच्या आश्रमात स्वयंपाकघर, रुग्णसेवा आणि पाहुण्यांची व्यवस्था यांचा भार त्यांच्यावर असे. १९१५ मध्ये दलित कुटुंबाला आश्रमात घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा परंपरेत वाढलेल्या कस्तुरबांना तो सुरुवातीला रुचला नाही. काळाच्या ओघात त्यांनी आपली मते बदलली आणि त्याच कुटुंबातील लक्ष्मी ही मुलगी आश्रमात गांधीजी व कस्तुरबांची मुलगी म्हणून वाढली.

१९१७ मध्ये बिहारमधील चंपारण येथे नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रश्नावर गांधीजींनी चौकशी सुरू केली. त्या काळात कस्तुरबा तेथील खेड्यांत राहिल्या. बायकांना स्वच्छता आणि मुलांच्या आरोग्याच्या गोष्टी समजावण्याचे काम त्यांनी केले. स्वतःला फारसे लिहिता-वाचता येत नसतानाही गावोगावच्या स्त्रियांशी त्यांचे सहज सूर जुळत. स्त्रियांच्या दारिद्र्याचे आणि आजारपणाचे जे दर्शन त्यांना येथे घडले, त्याचा पुढे त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कार्याशी जवळचा संबंध आहे.

१९१८ मध्ये गांधीजी गंभीर आजारी पडले. दूध न पिण्याचे त्यांचे व्रत होते आणि दुधाशिवाय प्रकृती सुधारणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. व्रत घेताना गाय आणि म्हैस यांचेच दूध मनात होते, तेव्हा शेळीच्या दुधाला हरकत नसावी, अशी वाट कस्तुरबांनी काढली. गांधीजींच्या आहारात शेळीचे दूध आले ते असे.

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्य दिन म्हणून पाळण्याचे आवाहन केले. त्या वेळी सरकारी अधिसूचना नव्हती, की सुट्टीही नव्हती. गावोगाव लोकांनी एकत्र येऊन प्रतिज्ञा घेतली, एवढेच त्या दिवसाचे स्वरूप होते. १९५० मध्ये राज्यघटना अमलात आणण्यासाठी तीच तारीख निवडण्यात आली आणि लोकांनी पाळलेला दिवस शासनाची राष्ट्रीय सुट्टी झाला. कस्तुरबा या चळवळीच्या केंद्रस्थानी होत्या. दारूच्या दुकानांवरील निदर्शने, खादीचा प्रचार आणि गुजरातमधील खेड्यांतील सभा यांत त्यांनी भाग घेतला. १९३० नंतरच्या दशकात त्यांना अनेकदा अटक झाली. १९३९ मध्ये राजकोट संस्थानातील आंदोलनात त्या स्वतःहून गेल्या आणि तेथेही त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीला आले होते.

१९३६ पासून गांधीजींचा मुक्काम वर्ध्याजवळच्या शेगाव येथे होता. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. विदर्भातील त्या आश्रमात कस्तुरबांसाठी बांधलेली 'बा कुटी' आजही पाहायला मिळते.

शिवाजी पार्क ते आगाखान पॅलेस

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना बिर्ला हाऊसमधून अटक झाली. कस्तुरबांच्या नावाचे वॉरंट नव्हते. इच्छा असल्यास त्या पतीबरोबर जाऊ शकतील, असे त्यांना सांगण्यात आले. त्या गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा ठरली होती. ती सभा आपण घेणार, असे कस्तुरबांनी जाहीर केले. सभेला जाण्यापूर्वीच पोलिसांनी त्यांना आणि डॉ. सुशीला नय्यर यांना अटक केली. आधी आर्थर रोड तुरुंग आणि नंतर पुण्याचा आगाखान पॅलेस, असा त्यांचा प्रवास झाला.

९ ऑगस्ट हा महाराष्ट्रात क्रांती दिन म्हणून पाळला जातो. हुतात्म्यांना अभिवादन होते, पण ती सुट्टी नसते. योगायोग असा की, ज्या दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना पहिला कारावास घडला, तेथे ९ ऑगस्ट हीच तारीख १९९५ पासून महिला दिनाची सार्वजनिक सुट्टी आहे. १९५६ मध्ये त्या दिवशी वर्णद्वेषी सरकारच्या परवाना कायद्याविरुद्ध हजारो स्त्रियांनी प्रिटोरियात मोर्चा काढला होता. १९१३ मध्ये कस्तुरबा आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया ज्या कारणासाठी तुरुंगात गेल्या, तेही हद्दींच्या आणि परवान्यांच्या राजवटीविरुद्धचेच आंदोलन होते.

आगाखान पॅलेसमध्ये पोहोचून काही दिवस होतात न होतात, तोच १५ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांना मुलासारखे मानणाऱ्या कस्तुरबांना हा धक्का सहन होण्यासारखा नव्हता. पॅलेसच्या आवारातच महादेवभाईंवर अंत्यसंस्कार झाले. बरोबर पाच वर्षांनी हीच तारीख देशाचा स्वातंत्र्य दिन होणार होती, हे तेव्हा कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. कस्तुरबांच्या लेखी १५ ऑगस्ट हा त्या समाधीचा दिवस होता.

कैदेत गांधीजी त्यांना वाचन, भूगोल आणि इतर विषय शिकवत. लहानपणी अर्धवट राहिलेले शिक्षण वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुरुंगात पुढे चालू होते. दुसरीकडे प्रकृती खंगत गेली. हृदयविकाराचे झटके आले, श्वास घेणे कठीण झाले. वैद्यांचे उपचार झाले. देवदास यांनी त्या वेळी अत्यंत दुर्मीळ असलेले पेनिसिलिन मागवले, पण आता आईला सुयांच्या यातना नकोत, असे गांधीजींचे मत पडले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी संध्याकाळी, गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून कस्तुरबांनी देह ठेवला. त्या दिवशी महाशिवरात्र होती. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या समाधीशेजारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवण्यात आली होती.

इंग्रजी तारखेप्रमाणे २२ फेब्रुवारी हा कस्तुरबांचा स्मृतिदिन. तिथीप्रमाणे मात्र तो महाशिवरात्रीला येतो. महाशिवरात्र महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी असते आणि दिल्लीतील केंद्रीय कार्यालयांच्या यादीतही तिला स्थान मिळत आले आहे. त्यामुळे कस्तुरबांच्या निधनाच्या तिथीला कार्यालये बंद असतात, पण ती शिवाच्या उपासनेसाठी. एकादशीचे उपवास आणि तुळशीची पूजा निष्ठेने करणाऱ्या कस्तुरबांना यात वावगे वाटले नसते.

स्मारक निधी आणि मातृत्व दिन

निधनानंतर लगेच त्यांच्या स्मारकाचा विचार सुरू झाला. ७५ लाख रुपयांचा निधी गोळा करण्याचे ठरले आणि गांधीजींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, २ ऑक्टोबर १९४४ रोजी, तो त्यांना अर्पण करायचा होता. प्रत्यक्षात एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमली. या निधीचा विनियोग खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच व्हावा, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. पुढे इंदूरजवळच्या कस्तुरबाग्राम येथे त्याचे मुख्य केंद्र आले. ग्रामसेविका आणि सुईणी यांचे प्रशिक्षण, बाळंतपणाची सोय, बालवाड्या ही कामे ट्रस्टने विविध राज्यांत केली. १९६४ मध्ये त्यांच्या विसाव्या स्मृतिदिनी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. १९६९ मध्ये आगाखान पॅलेस राष्ट्राला अर्पण करण्यात आला आणि २००३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाचा दर्जा मिळाला.

त्याच २००३ या वर्षी केंद्र सरकारने ११ एप्रिल हा राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन म्हणून घोषित केला. सुरक्षित मातृत्वासाठी काम करणाऱ्या व्हाइट रिबन अलायन्स या संघटनेने तशी मागणी केली होती. त्या काळातील परिस्थिती गंभीर होती. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार २००१ ते २००३ या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ मातांचा मृत्यू होत होता. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय आणि वेळेवर न मिळणारी मदत ही त्यामागची प्रमुख कारणे होती. कस्तुरबांनी १९०० मध्ये अनुभवलेली अडचण शंभर वर्षांनंतरही अनेक घरांत तशीच होती.

पुढील काळात या दिवसाच्या आसपास अनेक योजना आल्या. १२ एप्रिल २००५ रोजी जननी सुरक्षा योजना सुरू झाली. रुग्णालयात प्रसूती व्हावी म्हणून तिच्यात मातेला आर्थिक साहाय्य देण्यात आले आणि आशा कार्यकर्तीवर तिला रुग्णालयापर्यंत नेण्याची जबाबदारी सोपवण्यात आली. २०११ मध्ये सरकारी रुग्णालयांतील प्रसूती, औषधे आणि वाहतूक मोफत करणारा कार्यक्रम सुरू झाला. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी करण्याचे अभियान राबवले जाऊ लागले. २०१८ ते २०२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण ९७ पर्यंत खाली आले. महाराष्ट्रात ते ३३ होते, तर आसाममध्ये १९५ होते. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत जगातील हे प्रमाण ७० च्या खाली आणायचे आहे. मागास भागांतील मुलींसाठी २००४ मध्ये सुरू झालेल्या निवासी शाळांनाही कस्तुरबांचेच नाव आहे. मुलीचे शिक्षण लांबले की तिचा विवाह आणि मातृत्वही पुढे जाते, हे लक्षात घेता या दोन कामांचा परस्पर संबंध स्पष्ट होतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ११ एप्रिलला आणखी एक महत्त्व आहे. महात्मा जोतीराव फुले यांचाही जन्म ११ एप्रिलचा, १८२७ सालचा. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. समाजाच्या भीतीने आडोसा शोधणाऱ्या गर्भवती विधवांना तेथे गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत होता येत असे. कस्तुरबांच्या जन्माच्या सहा वर्षे आधी, त्यांचा अंत ज्या शहरात झाला त्याच शहरात हे कार्य सुरू झाले होते. महाराष्ट्रातील कार्यालयांत या दिवशी जोतीरावांच्या प्रतिमेला अभिवादन होते आणि आरोग्य केंद्रांत कस्तुरबांच्या नावाचा दिवस पाळला जातो. सुरक्षित बाळंतपण हा या दोन्ही स्मरणांना जोडणारा धागा आहे.

२ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांनीही २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अहिंसा दिनाचा दर्जा दिला. गांधीजींच्या वाट्याला राष्ट्रीय सुट्टी आणि जागतिक दिवस असे दोन्ही मान आले. कस्तुरबांच्या दिवसाला सुट्टी मिळावी की नाही, हा शासनाच्या धोरणाचा प्रश्न आहे. परंतु सुट्टी मिळाली असती, तर त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातील बाह्यरुग्ण विभाग बंद राहिला असता आणि तपासणीसाठी दूरच्या पाड्यावरून आलेल्या गर्भवतीला परत जावे लागले असते. साबरमतीत, चंपारणात आणि सेवाग्रामात कस्तुरबांचा दिवस पहाटेच्या प्रार्थनेपासून रात्रीपर्यंत कामात जाई.

११ एप्रिलला कस्तुरबा गांधी मार्गावरील कार्यालये उघडी असतात आणि वाहतूक नेहमीसारखी चालू असते. त्याच दिवशी देशभरातील उपकेंद्रांत परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या गर्भवतींचे वजन करतात, रक्तदाब पाहतात, लोहाच्या गोळ्या देतात आणि प्रसूतीसाठी कोणत्या रुग्णालयात जायचे ते ठरवून देतात. राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन पाळण्याची हीच रीत आहे.